वडगावातलं घर, तीन कोटेशनं आणि ९३५ रुपयांची पॉलिसी

आधीच सांगतो, मी इन्शुरन्सवाला नाही, एजंट नाही, माझी कुठली लिंक वगैरे नाही. बेळगावात वडगावच्या खालच्या अंगाला माझं घर आहे, पुढं आरसीसी, मागं आजोबांच्या वेळची कौलारू सोपा आणि न्हाणी, वर एक मजला. घराचा विमा काढताना जे काय डोकं फुटलं ते लिहितोय, कारण आमच्या गल्लीत गाडीचा विमा सगळ्यांचा असतो, ८० हजाराच्या स्कूटीचा असतो, आणि २५ लाखाच्या घराचा विचारला तर लोक म्हणतात "घराला काय व्हतंय ओ".

२०१९ च्या ऑगस्टमध्ये काय व्हतंय ते कळलं. बळ्ळारी नाला भरून आला आणि खालच्या मजल्यात गुडघाभर पाणी. दोन दिवस. फ्रीज आडवा पडून तरंगत होता, खरंच तरंगत होता, मला तोवर माहीत नव्हतं की फ्रीज तरंगतो. वॉशिंग मशीन, दोन कॉट, गाद्या, आईचं शिवणयंत्र, तांदळाची दोन पोती, सगळं गेलं. पाणी उतरल्यावर मी काय केलं असेल तर कपाटाच्या वरच्या कप्प्यातली होमलोनची फाईल काढली. कारण लोन घेताना बँकेनं "इन्शुरन्स" म्हणून २७ हजार कापलेले होते आणि मी दोन वर्षं बायकोला सांगत होतो, आपलं घर इन्शुअर्ड आहे म्हणून.

फाईल घेऊन बँकेत गेलो तर तिथल्या पोरीनं कागद उलटून बघितलं आणि शांतपणे सांगितलं, सर हा तुमचा आहे, घराचा नाही. म्हणजे मी मेलो तर उरलेलं लोन कंपनी फेडणार. घर बुडलं तर काही नाही. थोडक्यात मी बुडायला पाहिजे होतो! हे सगळ्यात पहिलं तपासा. लोन प्रोटेक्शन म्हणून जे कापतात तो बहुतेक वेळा आयुर्विमा असतो, घराच्या भिंतींशी त्याचा काही संबंध नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर "विमा कशाचा" हे बघा, तिथं तुमचं नाव आणि वय आहे की घराचा पत्ता आणि स्क्वेअर फूट आहे. सरकारकडून १० हजाराची मदत मिळाली, बाकी सगळं खिशातून.

तरी लगेच पॉलिसी काढली असं नाही. आपण काढतच नाही. २०२१ च्या जुलैला परत तसाच पाऊस झाला, निपाणीकडं यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, कोल्हापूरचा रस्ताच बंद, आमच्या घरात तेव्हा उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं. त्या रात्री मी आणि भाऊ टीव्ही डोक्यावर घेऊन जिना चढलो आणि ठरवलं की आता बास.

मग तीन ठिकाणी विचारलं.

पहिली आमची बँकच. त्यांचं कोटेशन १० वर्षांचं एकदम, २४ हजार ७८०, आणि वर "सर हे लोनमध्येच ॲड करतो, तुम्हाला कळणार पण नाही". कळणार कसं नाही, त्याच्यावर पण व्याज लागणार ना. विम्याची रक्कम त्यांनी धरली ३० लाख, कारण लोन ३० लाखाचं होतं. मी म्हटलं घर बांधायला ३० लाख लागत नाहीत, तर म्हणे सिस्टीम कमी घेत नाही. बँकेला घराची पॉलिसी मागायचा हक्क आहे, पण ती त्यांच्याच कंपनीची पाहिजे असा काही नियम नाही. दुसरीकडची काढून त्यात बँकेचं नाव घालून दिलं की झालं. हे मी सांगितल्यावर त्या पोरीचा चेहरा जरा पडला, बिचारीला टार्गेट असणार. लांब मुदतीचा एक फायदा मात्र मान्य, एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पॉलिसीत रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, त्याचा जादा प्रीमियम नाही.

दुसरं कोटेशन ॲपवरचं. पाच मिनिटात झालं, त्याचं कौतुक. साध्या पॉलिसीला ८८० दाखवलं आणि पुढं पुढं जाताना एकेक टिक आधीच मारलेली, घरफोडी, वस्तू बिघडल्या तर, प्लंबर पाठवणार, शेवटच्या पानावर १,६९०. प्लंबर कुठून पाठवणार ओ, पुण्यातून? त्यांच्या चॅटवर विचारलं की वडगावात तुमचा माणूस कोण, तर "युवर क्वेरी इज इम्पॉर्टंट टू अस" येत राहिलं अर्धा तास.

तिसरं सरकारी कंपनीचं, ओळखीच्या एजंटाकडून, तो आमच्या वडिलांच्या वेळपासूनचा. त्यानं खुर्चीवर बसल्या बसल्या विचारलं, घराची किंमत किती? मी म्हटलं ७५ लाख तरी जाईल आता. तर हसला. म्हणाला, "जागा वाहून जातीय का तुमची? जागेचा विमा नसतोय. बांधायला किती लागतील ते सांगा."

इथं मला पहिल्यांदा गणित कळलं, आणि माझ्या मते सगळी तुलना इथंच आहे. कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढंच. माझं घर १,१०० स्क्वेअर फूट, आमच्या मिस्त्रीनं दर सांगितला २,००० रुपये, म्हणजे २२ लाख. कंपाऊंड, गेट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक हे पण घरातच धरतात. ज्यानं ७५ लाखाचा विमा काढला तो ५३ लाखाचा प्रीमियम फुकट भरतोय, कारण घर पूर्ण पडलं तरी बांधायच्या खर्चापेक्षा जास्त मिळत नाही.

२२ लाखाला घरातलं सामान २० टक्के आपोआप धरलं जातं, म्हणजे ४ लाख ४० हजार, यादी द्यायची गरज नाही (आपोआप जास्तीत जास्त १० लाखापर्यंत). एकूण २६ लाख ४० हजाराला प्रीमियम ७९२, वर १८ टक्के जीएसटी, ९३५ रुपये वर्षाला. महिन्याला ७८ रुपये. गोवावेसला आम्ही चौघं भजी-चहा घेतो त्यात संपतात.

आता मजा अशी की ॲपवाल्याची साधी ८८० ची आणि ह्याची ९३५ ची पॉलिसी दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर शब्द न् शब्द सारखा. मला वाटलं कोणी कोणाची कॉपी केली. तर तसं नाही, विमा नियामकानं म्हणजे आयआरडीएआयनं १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना एक सारख्याच मजकुराची पॉलिसी ठेवायला लावलीय, तिचं नाव भारत गृह रक्षा. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दरड, दंगल, गाडी येऊन भिंतीला धडकणं, टाकी किंवा पाईप फुटणं, सगळं एकाच पॉलिसीत. पुराचं वेगळं घ्या, भूकंपाचं वेगळं घ्या असं कोणी सांगत असेल तर उठून या. भूकंप म्हटल्यावर आई लगेच ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा सांगते, पहाटे मांडणीवरची पितळेची भांडी पडलेली तिला अजून आठवतात.

आणखी एक चांगली गोष्ट, पूर्वी कमी रकमेचा विमा काढला की क्लेम पण त्या प्रमाणात कापायचे. २० लाखाच्या घराचा १० लाखाचाच विमा, नुकसान ४ लाख, तर हातात २ लाख. ह्या पॉलिसीत ती कापाकापी काढून टाकलीय. म्हणून स्क्वेअर फूट खोटं लिहा असं नाही, ते बरोबरच लिहा.

चोरीचं मात्र नीट वाचा. आमच्या सौ.ना वाटत होतं चोरी आली. आलेली नाही. पूर किंवा आग झाली आणि त्यातून ७ दिवसांच्या आत घरातलं काही चोरीला गेलं तरच. आपण गणपतीला गावी गेलो आणि मागनं कुलूप फोडलं, तर साध्या पॉलिसीत काही नाही, त्याला घरफोडीचं वेगळं घ्यायला लागतं. दागिन्याचं पण वेगळं. ५ लाखापर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर व्हॅल्युएशनचं सर्टिफिकेट लागत नाही म्हणे, पण आता सोनं तोळ्यालाच लाखाच्या वर गेलंय, म्हणजे एक पाटली पण बसत नाही त्यात. आम्ही दागिने बँकेच्या लॉकरात ठेवले आणि तो विषय सोडला.

शेजारच्या काकांचं सांगायला पाहिजे, कारण वडगाव-खासबागात असे खूप जण आहेत. त्यांच्या खालच्या खोलीत चार माग आहेत. त्यांनी माझं बघून घराची पॉलिसी मागितली आणि एजंटानं हात जोडले. राहत्या घराची पॉलिसी राहण्यापुरती, माग, सूत, तयार साड्या हे धंद्यात येतं, त्याला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा म्हणून वेगळी पॉलिसी आहे, ५ कोटीच्या आतल्या धंद्याला. काका म्हणाले, "मग वरचा जिना कशात येतोय की?" त्याचं उत्तर एजंटाला पण आलं नाही.

कागदपत्रात फार काही मागितलं नाही, पण घरपट्टीच्या पावतीवर अजून आजोबांचं नाव, तेही कन्नडात, त्यात आडनावातलं एक अक्षर वेगळं. एजंट म्हणाला आत्ता चालतंय, क्लेमला चालत नाही. मग तीन महिने कार्पोरेशनात खेटे घालून नाव लावून घेतलं. ज्यांचं एकत्र घर आहे आणि उताऱ्यावर वारलेल्या माणसाचं नाव आहे त्यांनी आधी हे करा, पॉलिसी मागनं.

आता क्लेमचा अनुभव, कारण रिव्ह्यू त्याच्यासाठीच वाचतात लोक. गेल्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचा खालचा पाईप रात्री फुटला, सकाळपर्यंत हजार लिटर पाणी वरच्या खोलीत. पीओपी खाली आला, टीव्ही गेला, कपाटाचा प्लाय फुगला. त्याच दिवशी फोन केला, फोटो पाठवले, आणि फुटलेला पाईप टाकला नाही, गोणपाटात गुंडाळून ठेवला. हे एजंटानं सांगितलेलं, आणि त्याचाच उपयोग झाला.

सर्व्हेयर, म्हणजे कंपनीकडून नुकसान बघायला येतो तो, हुबळीहून आला, चौथ्या दिवशी. तो कन्नड, मी मराठी, मधे हिंदी. माणूस चांगला पण डोळा बारीक. मी शहाणपणा करून पश्चिमेच्या भिंतीची ओल पण दाखवली, म्हटलं हे पण ह्याच पाण्यानं. त्यानं खिशातनं किल्ली काढली, रंगाचा एक फोड खरवडला, त्याच्या आत जुना निळा रंग, तोही फुगलेला, त्याच्या आत पांढरी खार. "येह तो हर बारिश का है साब." मी गप्प. पावसाळ्यातली नेहमीची ओल, गळती, झीज ह्याला पैसे नाहीत, एकदम झालेल्या नुकसानीला आहेत, ते त्यानं एका किल्लीत शिकवलं. पिवळे गोल डाग एकात एक असतील तर जुने, एकच कडा असेल तर ताजा, हे पण त्यानंच सांगितलं.

मागितले ३८ हजार, मिळाले ३१ हजार ४००. टीव्हीचं बिल नव्हतं, तिथं कापलं. पैसे यायला सात आठवडे लागले आणि त्यातले तीन आठवडे फाईल "वरच्या साहेबांच्या टेबलावर" होती. ऑफिसात दोनदा गेलो, एकदा जेवणाची वेळ, एकदा साहेब मीटिंगला. मी विमा लोकपालाकडं, म्हणजे विमा कंपन्यांच्या तक्रारी ऐकतो त्याच्याकडं, जाईन म्हटल्यावर जरा हललं. कंपनीला लेखी तक्रार करून ३० दिवसात काही झालं नाही तर तिथं जाता येतं, फुकट आहे. फक्त आपला लोकपाल बेंगळुरूला. कोल्हापूरच्या मेहुण्याला पुणं, आणि आम्हाला रात्रभराची बस. प्रीमियम दोघांचा सारखाच बरं का.

मार्क द्यायचे तर पॉलिसीला पाचपैकी साडेचार, ऑफिसला अडीच, एजंटाला पाच. ॲपवरची ५५ रुपयांनी स्वस्त होती हे खरं, पण गोणपाटाचं मला ॲपनं सांगितलं नसतं. ज्यांना ऑनलाईन कागद अपलोड करायची सवय आहे त्यांनी ॲपवरनं घ्यायला हरकत नाही, आधी मारलेल्या टिक तेवढ्या काढा. बँकेची १० वर्षांची मी घेणार नाही.

रिन्यूअल १२ जूनला असतं. यंदा गच्चीवर सोलर बसवलंय, ते पण घराच्या रकमेत धरतात, तेवढं आठवणीनं लिहून द्यायचंय. आणि नवीन टीव्हीचं बिल फाईलला लावलंय, लॅमिनेशन करून.