ऑक्सिमीटर, गरोदरपणातले सहा महिने: ९८ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी मोजणाऱ्या या यंत्राच्या क्लिपची स्प्रिंग सहाव्या महिन्यात सैल पडली आणि ऑक्सिजनचा आकडा ९८ टक्क्यांवरून थेट ९१ वर आला. कारण एवढंच, की फटीतून बाहेरचा उजेड आत शिरत होता. दुसऱ्या हाताने झाकलं की परत ९८. असा आकडा दिसला तर नेलपॉलिश काढा, गार बोट चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसा आणि पडद्यावरची नाडीची लाट एकसारखी झाली की अर्धा मिनिट थांबून वाचा.

स्प्रिंगपायी रेटिंगचे तारे कापायचे ठरलं होतं, पण खरी तक्रार त्या ९८ बद्दलच आहे. गरोदरपणातला नेहमीचा दम ऑक्सिजन कमी पडल्यामुळे लागत नाही. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे प्रत्येक श्वास खोल होतो, श्वासांची संख्या फारशी वाढत नाही, आणि एरवी नकळत चालणारा श्वास जाणवू लागतो. म्हणून पोट दिसायच्या आधीही दम लागतो. तेव्हा यंत्र ९७-९८ दाखवतं, ते बरोबरच आहे.

पण हिमोग्लोबिन ७ वर आलं तरी ते ९८ च दाखवतं! आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलंय, एवढंच ते मोजतं. दहाऐवजी सातच घागरी उरल्या, तरी भरलेल्या आहेत म्हणजे झालं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. दम आणि धडधड त्यानेही वाढते आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही, याचा राग येतो.

नाडीच्या आकड्याबद्दल मात्र मत बदललं. रक्त ४०-५० टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे नाडी मिनिटाला १०-२० ने जास्त चालते. बसल्या जागी ९० दिसलं तर सहसा घाबरायचं कारण नाही. फक्त यंत्र अनेक ठोक्यांची सरासरी दाखवतं, मध्येच चुकलेला ठोका त्यात दडून जातो. धडधड होत असेल तर मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपून मोजू नका, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो. कुशीवर वळा.

शांत बसूनही नाडी १२० च्या वर राहिली, सपाट झोपवेना, रात्री धाप लागून जाग आली, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, खोकल्यातून रक्त पडलं, एकाच पायाला सूज आली किंवा नीट मोजूनही आकडा ९५ च्या खाली राहिला, तर लगेच दवाखाना गाठा. यातलं एकही लक्षण असेल, तर ९८ कडे बघत बसू नका.

नाडीसाठी चार तारे, ऑक्सिजनसाठी दोन. बाळंतपणानंतर लगेच कपाटात टाकू नका. हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा एक आजार त्यानंतरच्या पाच महिन्यांतही उद्भवू शकतो. ठेवून द्याल तेव्हा दोन्ही एएए सेल काढा, गळले तर आतल्या पट्ट्या गंजतात.