चोकऐवजी डिमरस्टॅट, आणि त्यावरची खोटी पाटी

स्क्रीन प्रिंटिंगच्या फ्रेम एक्सपोज करायला माझ्याकडे २५० वॉटचा मर्क्युरी दिवा आहे. ऐन लग्नपत्रिकांच्या गर्दीत त्याचा चोक, म्हणजे करंट आवरणारी कॉइल, जळला. रविवार होता, म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे एकाने चोकऐवजी डिमरस्टॅटच, म्हणजे मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा डबा, पुढे सरकवला. "सिरीजमध्ये टाका साहेब. मूठ फिरवाल तेवढा करंट. चोक विसरा." पाटीवर ८ अँपिअर. तारेच्या वेढ्यांवर सरकणाऱ्या ब्रशखालचा पट्टा पांढरट दिसला म्हणून विचारलं, तर म्हणे कलई आहे, आत तांबंच. मग शंभराचा बल्ब लावून मंद-प्रखर करून दाखवला. मी बावीसशे मोजले.

त्या बल्बनेच गंडवलं. बल्बच्या तारेला स्वतःचा रोध असतो, व्होल्टेज कमी केलं की तो गुमान मंद होतो. मर्क्युरी दिवा एकदा पेटला की करंट स्वतः आवरत नाही, ते काम चोकचं. त्यासाठी चोकच्या गाभ्यात मुद्दाम फट ठेवलेली असते. डिमरस्टॅटचा गाभा अखंड गोल.

घरी सगळे वेढे सिरीजमध्ये घेतले, तर दिवा नुसता मिणमिणला. मूठ मागे घेत गेलो. बराच वेळ काही फरक नाही, आणि मग एकाएकी डबा गुरगुरला. फट नसलेला गाभा सॅच्युरेट झाला होता, म्हणजे त्याची चुंबकत्व धरायची ताकद संपली आणि वेढे करंट अडवेनासे झाले. करंट उसळला, ब्रशखाली ठिणग्या, वार्निशचा जळका वास. फ्यूज उडाला म्हणून दिवा तरी वाचला.

शेजारच्या वायरमनने जोडणी बघून कपाळाला हात लावला. थोड्याच वेढ्यांवर व्होल्टेज पडलं की बाकीचे वेढे ते आणखी चढवतात. मोकळ्या टोकावर तीनशेच्या वर गेलं असणार. ते टोक मी उघडंच ठेवलं होतं, आणि माझा मुलगा शेजारी बसून फ्रेम पुसत होता.

ब्लेडने वेढा खरवडला. कलई कसली, आरपार अॅल्युमिनियम. पाटी उचकटली तर खाली रंगाने बुजवलेला जुना आकडा: ४.

बुधवारी परत गेलो. "तुम्हीच चुकीचं जोडलं असेल," म्हणाला. जोडलं होतं त्यानेच सांगितलं तसं, पण कागद ना पावती, भांडणार कशावर? त्याच्या पुढ्यात तसाच आणखी एक मांडलेला होता. त्यावर १५ अँपिअरची पाटी होती.