समुद्री गोगलगाय घ्यावी की उंदराच्या मेंदूचा काप?

सिनॅप्सवर (दोन चेतापेशींमधल्या जोडावर) पीएचडी करायची ठरलीय, पण प्राणी कोणता हे ठरत नाहीये? मग आधी सांगा, तुम्हाला सिनॅप्सच्या अलीकडे बघायचंय की पलीकडे?

अलीकडे, म्हणजे न्यूरोट्रान्समीटर (निरोप पोचवणारं रसायन) सोडणाऱ्या टोकाकडे बघायचं असेल तर माझं मत गोगलगाईला. अ‍ॅप्लिशिया कॅलिफोर्निका या समुद्री गोगलगाईच्या अख्ख्या चेतासंस्थेत साधारण २०,००० पेशी. अ‍ॅब्डॉमिनल गँग्लियनवरचं (पोटाकडच्या चेतापेशींच्या गाठीवरचं) आवरण सोललं की नारिंगी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सुट्या सुट्या दिसतात. त्यातली आर-टू नावाची पेशी तर प्रौढ प्राण्यात १ मिलिमीटरपर्यंत वाढते. शिवाय ती दर प्राण्यात ठरल्या जागी सापडते. उंदरात हे सुख नाही.

एरिक कँडेल यांच्या २००० च्या नोबेलमागे मुख्यतः हाच प्राणी आहे. शेपटीला झटका दिला की सेरोटोनिन हे रसायन सुटतं, संवेदी पेशीच्या टोकात सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्यानं चालू झालेलं प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम पोटॅशियमच्या काही वाहिन्या बंद करतं. त्यामुळे विद्युत स्पंद लांबतो, कॅल्शियम जास्त आत शिरतं, ग्लुटामेट (इथला न्यूरोट्रान्समीटर) जास्त सुटतं. उलट सायफनला (पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीला) पुन्हा पुन्हा नुसता स्पर्श करत राहिलात तर ते कमी कमी सुटत जातं. डिशमध्ये एक संवेदी आणि एक मोटर (स्नायू हलवणारी) पेशी जोडीनं वाढवली तर सेरोटोनिनच्या एका मात्रेचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. थांबून थांबून पाच मात्रा दिल्या तर तो दुसऱ्या दिवशीही टिकतो, आणि त्यासाठी पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात.

उंदराच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाचा) काप ऑक्सिजन दिलेल्या द्रावात काही तासच धड राहतो. पण हवं ते जनुक हव्या त्या पेशीत बंद करणं, अल्झायमरसारख्या आजाराचं मॉडेल वापरणं उंदरातच सोपं. हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ या भागातली चिरपरिचित एलटीपी (सिनॅप्सचं दीर्घकाळ टिकणारं बळकट होणं) मुख्यतः पलीकडची, म्हणजे निरोप घेणाऱ्या पेशीतली: एनएमडीए रिसेप्टरमधून कॅल्शियम येतं आणि एएमपीए रिसेप्टर वाढतात. (गोगलगाईतही पलीकडची बाजू अगदी गप्प नसते, हे नंतर कळलं.)

खर्चाचं म्हणाल तर अ‍ॅप्लिशियाला थंड समुद्राचं पाणी सतत लागतं आणि ती जेमतेम वर्षभर जगते. भारतात उंदरांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा सहज मिळतील. प्राणी-नीती समितीची परवानगी मात्र वेळेत काढा.

उंदीरच पदरी पडला आणि ओढा तरीही अलीकडच्या बाजूकडे असेल, तर सीए-१ सोडून हिप्पोकॅम्पसमधलाच मॉसी फायबरचा सिनॅप्स मागून घ्या. तिथली एलटीपी टोकातून सुटणारं ग्लुटामेट वाढवते, आणि तीही सायक्लिक एएमपी व प्रोटीन कायनेज ए यांच्याच मार्गानं.