जुनं सिंगर 15के: इंदुरात मिळालं तर घ्यावं का, आणि घेतल्यावर काय करावं

रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांतलं एखादं जुनं घर पाडायला निघालं की माळ्यावरून काळं शिवणाचं मशीन हमखास खाली येतं. बहुतेक वेळा ते वजनावर भंगारात जातं. त्यात सिंगर 15के दिसलं तर ते सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अटी तीनच: सुईदांडा, म्हणजे सुई धरणारा दांडा, सैल नसावा, शटल, म्हणजे खाली बॉबिनभोवती फिरून दोरा पकडणारा भाग, गंजाने खाल्लेलं नसावं आणि बिडाला तडा नसावा. बाकी जे बिघडलेलं असेल ते घरच्या घरी किंवा थोड्या खर्चात दुरुस्त होतं.

नावातला ‘के’ म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना. तो 1885 मध्ये सुरू झाला आणि 1980 मध्ये बंद पडला. मशीनच्या पाटावर, म्हणजे खालच्या सपाट भागावर, उजव्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी, नंबर ठोकलेला असतो. नंबरच्या आधी Y म्हणजे ‘वाय’ अक्षर असेल तर मशीन साधारण 1920 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 1935 पर्यंतचं. ‘ई’ आणि त्याला लागून दुसरं अक्षर असेल तर साधारण 1935 नंतरचं. वर्ष कळल्याने टीप सुधारत नाही, पण अस्सल-नक्कल ओळखायला नंबर कामाचा आहे. ताजा चकचकीत काळा रंग, त्यावर नवी सोनेरी वेलबुट्टी आणि नंबरचा पत्ताच नाही, असं मशीन देशी बनावटीचं समजून तेवढीच किंमत द्यावी. देशी मशीनही चांगलं शिवतं, फक्त त्याला सिंगरचा भाव देण्याचं कारण नाही.

भावावरून आणखी एक. जुन्या सिंगरच्या सुईत ‘लाल पारा’ असतो आणि त्याचे लाखो रुपये येतात, ही अफवा 2009 मध्ये सौदी अरेबियात पसरली होती आणि तिचे व्हिडिओ अजून फिरतात. मशीनमध्ये लोखंड, पोलाद आणि थोडं पितळ याखेरीज काही नसतं. विकणारा ही गोष्ट सांगून भाव चढवत असेल तर सरळ उठून यावं.

15केच का, याचं उत्तर सुट्या भागांत आहे. याच रचनेवरून पुढे जपानमध्ये आणि आपल्याकडे मशीनं बनली. कोलकात्याच्या जय इंजिनियरिंगची, म्हणजे उषा मशीनची सुरुवात 1930 च्या दशकातली. आज लुधियानात तयार होणारे काळ्या मशीनचे बहुतेक भाग याच मापाचे असतात. त्यामुळे बॉबिन, बॉबिन केस, सुई, दाबाचे फूट, टेन्शनचा संच, बॉबिन भरणीची रबरी कडी, चामडी पट्टा हे सगळं इंदुरात मशीनचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतं. सिंगरच्याच बाकी नमुन्यांपैकी 66के शिवायला छान आहे, त्याची बॉबिन वरून टाकायची असते, पण ती वेगळ्या मापाची आहे आणि दुकानदार 15 ची बॉबिन ‘चालून जाएगी’ म्हणत हातात ठेवतो. ती चालत नाही. 128के आकाराने लहान, दिसायला देखणं, पण त्याचं होडीसारखं लांब शटल आणि लांबट बॉबिन डब्यात नसतील तर शोभेला ठेवण्यापलीकडे उपयोग नाही. 201के या सगळ्यांत वरचढ, फक्त ते क्वचित हाती लागतं.

पाहायला जाताना सोबत नवी 14 नंबरची सुई, चांगली चालणारी बॉबिन केस, दोन रंगांचे दोरे आणि मांजरपाटाचा तुकडा न्यावा. विकणाऱ्याकडची सुई बोथट आणि बॉबिन केस झिजलेली असते. त्यावर घेतलेल्या चाचणीतून मशीनबद्दल काहीच कळत नाही.

चाक हाताने फिरवून पाहावं. फिरलंच नाही तरी लगेच नाही म्हणू नये, सुकलेल्या तेलाने जाम झालेलं मशीन सुटतं. मग सुईदांडा सगळ्यात खाली आणून बोटांनी पुढे-मागे हलवावा. केसभर हालला तर ठीक. खट्‌खट्‌ वाजला तर आतली बुशी, म्हणजे दांडा ज्यातून सरकतो ती नळी, झिजली आहे, आणि अशा मशीनवर टाके सुटतच राहतात. त्यानंतर ‘भैया, जरा शटल निकाल के दिखाओ’ म्हणावं. शटलचं टोक नखावरून ओढून पाहावं. ते टोकदार आणि गुळगुळीत हवं. टोकाला कातरा असेल तर तिथेच दोरा चिरतो. बारीक कातरा 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून जातो, टोकच मोडलं असेल तर शटल बदलावं लागतं. लुधियानाच्या सामानात सगळ्यात बेभरवशाचा भाग हाच. चार शटल हातात घेऊन त्यातलं सफाईदार निवडावं आणि ते खोबणीत अडखळत नाही ना, हे दुकानातच पाहून घ्यावं.

शेवटी पाट उचलून खालून बघावं. बिडाला तडा आहे का, बिजागरीची भोकं शाबूत आहेत का. बीड जोडून धड होत नाही. पाट नेहमीच्या साडेचौदा बाय सात इंची मापाचा असेल तर तो कुठल्याही देशी स्टँडवर बसतो, म्हणून स्टँड मोडका असला तरी चालेल.

साफसफाई

जाम होण्याचं मुख्य कारण खोबरेल किंवा गोडं तेल. घरात तेच हाताशी असतं. ही तेलं हवेने सुकून पिवळट-तपकिरी लाखेसारखी घट्ट होतात. वरून आणखी तेल सोडल्याने ती सुटत नाहीत. आधी रॉकेल लागतं. डावीकडची तोंडपट्टी काढावी, मागचं गोल झाकण बाजूला करावं, मशीन आडवं करून खालचे सांधे उघडे करावेत. प्रत्येक भोकात आणि जिथे लोखंडावर लोखंड फिरतं तिथे रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडून रात्रभर ठेवावं. सकाळी केस वाळवायच्या यंत्राने सांधे गरम करत चाक थोडं पुढे, थोडं मागे करावं. जोर लावू नये. सुटलं की भराभर फिरवून काळं पाणी फडक्याने टिपावं, आणि दोनदा तरी हेच करून मगच मशीनचं पांढरं पातळ तेल घालावं. रॉकेलवर थांबलं तर सांधे कोरडे पडून झिजतात.

एवढं करूनही चाक एका ठरावीक जागी अडत असेल तर दोष तेलाचा नाही. शटलच्या मागे दोऱ्याचा तुकडा पाचरीसारखा अडकलेला असतो. शटल काढून, चिमट्याने तो ओढून घ्यावा. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या खाली जमलेला कापसाचा थर तेल पिऊन नमद्यासारखा कडक होतो. तोही सुईने खरवडून काढावा, कारण त्यामुळे दाते पूर्ण वर येत नाहीत आणि कापड सरकत नाही.

रंगाच्या बाबतीत फार सांभाळावं. सोनेरी नक्षीवर पारदर्शक लाखेचा हात असतो. स्पिरिटने तो विरघळतो आणि अमोनियाच्या काचपुसणीने सोनं रुपेरी पडतं. कापसावर मशीनचंच तेल घेऊन हलक्या हाताने मळ काढावा, दुसऱ्या कापसाने पुसावा. बरेच कारागीर ‘नवं करून देतो’ म्हणत सगळं घासून वर काळा ड्युको मारतात. त्याला होकार देऊ नये. रंग तेलाच्या भोकांत जातो आणि नक्षी कायमची गमावली जाते.

स्क्रू काढताना खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस घ्यावा. सिंगरचे आटे आपल्या नेहमीच्या मिलिमीटरच्या आट्यांशी जुळत नाहीत. एक स्क्रू हरवला तर हार्डवेअरच्या दुकानात त्याची जोडी मिळत नाही आणि दुसरा ठोकून बसवला तर भोक बाद होतं.

बॉबिन भरताना चाकाची मधली मूठ सैल केली की सुई थांबायला हवी. साफ करून जोडल्यावर ती थांबेना, किंवा मूठ आवळूनही मशीन धरेना, तर आतली तीन कानांची चकती उलटी बसली आहे. ती अर्धा वळसा फिरवून पुन्हा बसवावी. याच एवढ्याशा गोष्टीसाठी लोक मशीन दुरुस्तीला पाठवतात.

दोरा, सुई आणि टेन्शन

सुई घरगुती मशीनची, चपट्या दांड्याची, एचए×1. कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची सुई घट्ट आवळून बसवता येते, पण ती जागेवर राहत नाही आणि टाके सुटतात. 15के मध्ये सुईची चपटी बाजू डावीकडे आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा. सुई उलटी बसली तर एकही टाका पडत नाही. तेव्हा शटलच्या जोडणीला हात लावण्याआधी हे बघावं.

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो तेव्हा सगळे बॉबिन केसचा स्क्रू पिळतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. दाब, म्हणजे कापड दाबणारं फूट, खाली ठेवून दोरा ओवला तर तो टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये बसतच नाही. दाब उचलून ओवावा, मग दाब टाकून दोरा ओढून बघावा, हाताला अडसर जाणवायला हवा. जाणवला नाही तर चकत्या सुट्या करून मधला गंज आणि दोऱ्याचे तंतू पुसावेत. जोडताना दोन्ही चकत्यांच्या फुगीर बाजू एकमेकींकडे. शेजारची नाजूक तार-स्प्रिंग मोडकी किंवा वाकडी असेल तर टाक्याला फासे राहतात. ती स्वस्तात मिळते, नवीच टाकावी.

बॉबिन केससाठी जुनी खूण अजून उत्तम आहे. भरलेली केस दोऱ्याने लटकवावी. ती आपोआप घसरू नये आणि हलका झटका दिल्यावर दोन-तीन इंच उतरावी. त्यासाठी पातीवरचा बारीक स्क्रू एका वेळी पाव वळसाच फिरवावा. एकदा हे बसलं की तो स्क्रू विसरून जावा आणि पुढचं सगळं वरच्या टेन्शनने साधावं. दोन रंगांच्या दोऱ्यांनी मांजरपाटाच्या दुहेरी तुकड्यावर टीप मारली की चूक लगेच दिसते: वरून खालच्या रंगाचे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त, खालून वरच्या रंगाचे दिसले तर कमी.

सुईदांड्याची उंची बदलायची वेळ शक्यतो येऊ नये. आलीच तर सुई अगदी खालून सुमारे अडीच मिलिमीटर वर चढते तेव्हा शटलचं टोक सुईच्या मागून, नेढ्याच्या किंचित वरून जायला हवं.

कापडावर कसं चालतं

सुती कापडावर या मशीनला तोड नाही. पोलकं, परकर, उशीचे अभ्रे यांसाठी 14 नंबरची सुई आणि इंचाला 12 टाके ठेवावेत. टीप सरळ पडते, दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. नव्या हलक्या काळ्या मशीनवर वेग वाढला की पाट थरथरतो. बिडाचं हे धूड जागचं हलत नाही.

गोधडी हा त्याचा खास प्रांत. 16 नंबरची सुई, इंचाला 7-8 टाके, वरचं टेन्शन थोडं ढिलं. थर दाबाखाली सहज सरकतील इतकेच घ्यावेत. मागून ओढू नये, सुई वाकून पट्टीवर आपटते.

महेश्वरी साडीला फॉल लावताना मात्र थांबून जुळवणी करावी लागते. ताणा रेशमाचा आणि बाणा सुती, त्यामुळे नेहमीच्या दाबाखाली काठाला चुण्या पडतात. 11 नंबरची नवी सुई, बारीक दोरा आणि डोक्यावरचा दाबाचा स्क्रू दोन-तीन वळसे सैल. तरीही चुणी दिसली तर खाली पातळ कागदाची पट्टी घालून शिवावं आणि मग कागद फाडून घ्यावा. इतकं केल्यावर टीप सुरेख येते. साडी नव्या, महागड्या रेशमाची असेल तर आम्ही हातशिलाईच सुचवू.

ताणणाऱ्या कापडासाठी, टी-शर्ट किंवा लेगिंगसाठी, हे मशीन घेऊ नका. झिगझॅग नाही, पिको नाही, काजं करायला वेगळं जोडकाम लागतं. जुन्या 15के मध्ये टाका मागेही घेता येत नाही. टीप पक्की करायला शेवटचे चार-पाच टाके अगदी बारीक घ्यावेत किंवा कापड फिरवून त्याच टिपेवरून परत यावं. टाक्याच्या लांबीला वरखाली होणारा दांडा असेल तर त्या नमुन्यात उलटी टीप मिळते. दोन्ही समोर असतील तर दांड्याचं घ्यावं.

पायमशीन ठेवावं की मोटर लावावी? आमचा कौल पायमशीनला. कोपऱ्यावर एक-एक टाका घेता येतो, वीज गेली तरी काम चालतं. पट्टा फार ताणला तर पाय भरून येतात, फार सैल असेल तर चाक घसरतं. बोटाने दाबल्यावर किंचित लवेल इतका ठेवावा आणि तेवढ्या मापालाच कापून क्लिप मारावी. मोटर लावायचीच असेल तर खांबाच्या मागे चाकाखाली मोटर बसवायचा उंचवटा आहे का, ते आधी पाहावं. हातमशीन करायचं असेल तर आऱ्यांचं चाक लागतं. भरीव चाकात हँडलचा काटा अडकायला जागाच नसते.

पावसाळ्यात मशीन प्लास्टिकने झाकू नये, आत ओल धरते. जून लागण्यापूर्वी शटल, सुईपट्टी आणि दात्यांवर तेलाचं बोट फिरवून वर सुती चादर टाकावी. पुढे शिवायला बसताना आधी चिंधीवर हातभर टीप मारावी, म्हणजे जास्तीचं तेल तिथेच उतरतं आणि कापडाला डाग पडत नाही.