एकट्याने जायचं, ग्रुपमध्ये शिजवायचं: आठवड्याचं पॅकेज घ्यावं की शहरात राहून सुटे क्लास करावेत?

परदेशात जाऊन स्वयंपाक शिकायचाय, सोबत कोणी येत नाहीये आणि एकटं जायची तयारी आहे, इथपर्यंत बऱ्याच जणांचं ठरलेलं असतं, गाडी अडते ती इटली की थायलंड यावर. माझं म्हणणं, देश नंतर ठरवा. आधी हे बघा की संध्याकाळी सातनंतर तुम्हाला माणसं हवीत की नकोत. क्लास कुठलाही असो, दुपार मजेत जाते, एकटेपणा खायला उठतो तो रात्रीच्या जेवणाला.

आता दोन प्रकार बघू. एक म्हणजे राहणं-जेवण सगळं धरून आठवड्याचं पॅकेज, उदाहरणार्थ इटलीच्या टस्कनी भागातलं एखादं फार्महाऊस, बहुतेक वेळा शनिवार ते शनिवार, आठ-दहा-बारा जणांचा ग्रुप, दिवसा क्लास, मधे एखादी वाइनरी किंवा गावचा बाजार, आणि रात्री आपणच केलेलं सगळ्यांनी एका टेबलावर बसून खायचं. दुसरा म्हणजे शहरात आपली आपण रूम घ्यायची आणि अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचे सुटे क्लास लावायचे. उत्तर थायलंडमधलं चिआंग माई शहर याच्यासाठी फेमस आहे, जुन्या शहराच्या आसपास राहिलात तर बरेच क्लासवाले हॉटेलवरून उचलतात आणि आणून सोडतात, आधी बाजारात फिरवून लेमनग्रास, गलांगल (आल्यासारखं कंद), मकरूट लिंबाची पानं वगैरे दाखवतात आणि मग किचनमध्ये नेतात. (बारा आठवड्यांचे सर्टिफिकेट कोर्सही असतात, आयर्लंडमधल्या बॅलीमलूसारखे, पण ती सुट्टी नव्हे, ते सरळसरळ शिक्षण आहे, इथे सोडून देऊ.)

खरा फरक ब्रोशरमध्ये दिसत नाही, तो किचनच्या रचनेत असतो. चिआंग माईच्या क्लासमध्ये साधारणपणे प्रत्येकाला स्वतःची शेगडी, स्वतःची कढई मिळते, बऱ्याच ठिकाणी करी पेस्ट कुटायला आपापला खलबत्ताही असतो, म्हणजे तुमची ताटली तुम्हीच बनवता, तिखट जास्त झालं तरी तुमचं तुम्हाला. फार्महाऊसवर बऱ्याचदा सगळ्यांचा मिळून एकच मेनू असतो आणि कामं वाटली जातात, कोणी रॅव्हिओलीत (पास्त्याच्या करंज्यांत) सारण भरतंय, कोणी सॉस ढवळतंय. मजा असते, गप्पा इथेच जमतात, पण ग्रुपमध्ये दोन हौशी आणि हात बसलेले लोक असले की गॅस त्यांच्या ताब्यात जातो आणि एकटं आलेलं, जरा बुजरं माणूस लसूण सोलत कोपऱ्यात उभं राहतं. म्हणून बुकिंगआधी मेल करून सरळ विचारा, प्रत्येकजण पीठ स्वतः मळतो का? की एकजण करतो आणि बाकीचे बघतात? उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

शिकण्याच्या दृष्टीने दोन्हीकडे वेगळं मिळतं. थाई पदार्थ बरेचसे झटपट होणारे, पेस्ट कुटून झाली की कढईतलं काम काही मिनिटांचं, त्यामुळे एका दिवसात चार-पाच पदार्थ आरामात होतात. उलट रागू, म्हणजे इटलीतला मांसाचा सॉस, तासन् तास मंद आचेवर शिजतो, पास्त्याचं पीठ झाकून ठेवावं लागतं, ब्रेडचं पीठ तर रात्रभरही ठेवतात, हे तीन तासांच्या क्लासमध्ये कोंबलं की शिक्षक आधीच तयार करून ठेवलेलं भांडं पुढे सरकवतात आणि मधला भाग तुम्ही बघतच नाही. आठवडा एकाच शिक्षकाकडे असलात तर सोमवारी फाटलेली पास्त्याची शीट बुधवारी नीट येते, कारण तुमचा हात कुठे जड पडतो हे त्यांना आता माहीत झालेलं असतं. सुट्या क्लासमध्ये रोज नवा शिक्षक आणि रोज पहिल्यापासून ओळख, आणि एक कंटाळवाणी गोष्ट म्हणजे तोच बाजार, तीच लेमनग्रास परत परत. दुसरा क्लास लावताना मेनू बघून लावा, पहिल्यात पॅड थाई आणि ग्रीन करी झाली असेल तर दुसरा उत्तर थायलंडच्या पदार्थांचा शोधा, खाओ सोइ, नाम प्रिक ओंग असलं काहीतरी.

पैशाचं म्हणाल तर एकट्या माणसाला पॅकेज महागात जातं, कारण रूमचा हिशोब दोघांचा धरलेला असतो आणि सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्याने रूम वापरण्याचा जादा आकार, वर लावतात. काही ठिकाणी कमी गर्दीच्या सीझनमध्ये तो माफ करतात, विचारायला लाजू नका. दुसरी गोष्ट, या आठवड्याला एकटे किती येतायत हेही विचारा, चार जोडपी आणि तुम्ही असं झालं तर आठवडा लांब वाटतो, आणि फार्महाऊस गावापासून दूर असेल, गाडी नसेल, तर पळून जायलाही जागा नाही. शहरात मात्र ग्रुप आवडला नाही तर चार तासांत सुटका. त्याची दुसरी बाजू अशी की ग्रुप आवडला तरी चार तासांतच संपतो, संध्याकाळी परत तुम्ही आणि मोबाईल.

मला विचाराल तर पहिल्यांदाच एकटं जाणाऱ्याने मधला रस्ता बघावा, म्हणजे इटलीतलं बोलोन्या शहर. ते पायी फिरता येतं, ताज्या पास्त्याचे छोट्या ग्रुपचे क्लास मिळतात, लांबलचक लाटण्याने लाकडी पाटावर पीठ लाटायला शिकवतात. लाकडावर लाटल्यामुळे शीट थोडी खरखरीत होते आणि सॉस तिला धरून बसतो, मशीनच्या गुळगुळीत पास्त्यात तो निसटतो, हा फरक एकदा जिभेवर आला की विसरत नाही. क्लास नसेल त्या दिवशी रेल्वेने मोडेना नाहीतर पार्मा. मोडेनाचं पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर किमान १२ वर्षं पिंपात मुरवतात, पार्माकडच्या चीजच्या कारखान्यात सकाळी लवकर गेलात तर दूध फाटण्यापासून सगळं बघायला मिळतं, दुपारी गेलात तर फक्त मांडणीवरची चीजची चाकं दिसतात.

शाकाहारी असाल तर दोन्हीकडे सावध राहा. थाई करी पेस्टमध्ये बहुधा कोळंबीची पेस्ट असते आणि फिश सॉस तर जवळजवळ सगळ्यात, पण चिआंग माईत शाकाहारी क्लास सहज मिळतात, आणि जिथे पेस्ट आपण स्वतः कुटतो तिथे ती कोळंबी गाळणं सोपं. इटलीत मांस टाळणं सोपं वाटतं, पण पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. चालत नसेल तर फॉर्ममध्ये नुसतं व्हेज लिहून भागणार नाही, हे स्पष्ट लिहावं लागेल.

तारखांचं थोडक्यात. चिआंग माईला नोव्हेंबर ते जानेवारी छान, फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर असतो, श्वासाचा त्रास असेल तर तेव्हा जाऊच नका. टस्कनीत ऑक्टोबर-नोव्हेंबर मस्त, ऑलिव्हची तोडणी आणि पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीचा) सीझन एकत्र येतो. ऑगस्ट टाळा, ऊन असतंच, शिवाय १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सुट्टीच्या आसपास शहरातली बरीच छोटी रेस्टॉरंट बंद असतात.

एकट्याचे मोकळे दिवस क्लासच्या आधी ठेवायचे की नंतर, यावर मी ठामपणे नंतर म्हणेन, कारण शिकून झालं की बाजारात काय मागायचं, मेनूवरचं काय काय असतं हे कळतं आणि एकट्याचं जेवणही जरा धीटपणे होतं. फक्त पॅकेज असेल तर पोचायचं मात्र फार्महाऊसच्या पिकअपच्या आदल्या दिवशी. फ्लॉरेन्स किंवा पिसाहून गाडी एकदाच ठरलेल्या वेळी निघते, विमान लेट झालं तर पुढची टॅक्सी तुमच्या खर्चाने.

आणि विमानाचं तिकीट काढायची घाई नको. बऱ्याच पॅकेजना किमान माणसांची अट असते, तेवढी भरली नाहीत तर आयोजक तारीख रद्द करून पॅकेजचे पैसे परत देतात, विमानाचे नाही. तारीख पक्की असल्याचा मेल आल्यावरच तिकीट, तोवर फार तर कॅन्सल करता येणारी रूम. येताना करी पेस्ट आणि बाल्सामिक मोठ्या बॅगेत टाका, १०० मिलीचा नियम बऱ्याच विमानतळांवर अजून आहे आणि सिक्युरिटीला पेस्टही लिक्विडच वाटते.