ब्लेकच्या ‘साँग्ज’ची फॅक्सिमिली आवृत्ती : आठ महिने वापरून

इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकच्या ‘साँग्ज ऑफ इनोसन्स अँड ऑफ एक्सपीरियन्स’ या कवितासंग्रहाची फॅक्सिमिली, म्हणजे मूळ पानांची हुबेहूब नक्कल असलेली आवृत्ती मी घेतली. गेल्या महिन्यात तिच्यातल्या ‘द टायगर’ या कवितेचं पान सुटून हातात आलं. पाठोपाठ आणखी तीन आली. साडेचौदाशे रुपये मोजून घेतलेलं पुस्तक आठ महिन्यांत खिळखिळं होतं, याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय.

विक्रेत्याशी पाच-सहा मेल झाले. फोटो मागवले, मी पाठवले. उत्तर आलं, ‘वापरामुळे झालेली झीज’. कवितांचं पुस्तक वापरायचं नाही तर काय कपाटात पुजायचं?

दोष एकच आहे, पण मुळातला आहे. कागद जाड आर्ट पेपर, आणि पाठीला नुसता गम. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, दुमडून शिवलेलेच नाहीत. सुटी पानं एकत्र दाबून कडेला गम फासलाय. जाड कागद उघडताना ताठ राहतो, दर वेळी सगळा ताण त्या गमवर येतो आणि तो तडकतो. आमच्या घरी ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थेचे अहवाल. त्यामुळे पुस्तक हातात घेतलं की मी आधी पाठ बघते. या वेळी प्लॅस्टिकच्या वेष्टणामुळे बघता आली नाही.

खरं तर पहिले दोन महिने माझी तक्रार वेगळीच होती. एवढ्या मोठ्या पानाच्या मधोमध पत्त्याच्या पानाहून जरासं मोठं चित्र, आणि त्यातच कवितेची अक्षरं, वेलबुट्टीत गुरफटलेली. भिंग घेऊन वाचावं लागायचं. कोऱ्या कागदाचे पैसे घेतले असं वाटून मी एका मैत्रिणीला ‘घेऊ नकोस’ असं सांगूनही टाकलं होतं. ते आता मागे घेते. ब्लेक ज्यांवरून छापायचा त्या तांब्याच्या मूळ पट्ट्याच साधारण 11 बाय 7 सेंटिमीटरच्या होत्या. छापणाऱ्याने माप राखलं, हे त्याचं बरोबरच आहे. मोठं केलं असतं तर त्या रेषांचा जीव गेला असता.

ही अक्षरं खिळ्यांची, म्हणजे जुळवलेल्या सुट्या टाइपची नाहीत. ब्लेक लंडनचा, 1757 चा जन्म, मोजे विकणाऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी जेम्स बसायर नावाच्या कोरक्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला. पुढे त्याने स्वतःची रीत काढली. तांब्याच्या पट्टीवर ॲसिड न लागणाऱ्या वार्निशने कविता उलट्या अक्षरांत लिहायची, भोवती चित्र काढायचं आणि पट्टी ॲसिडमध्ये ठेवायची. मोकळं तांबं खाल्लं जातं, अक्षरं वर राहतात, त्यांनाच शाई लागते.

हे वाचताना मी उठून उभीच राहिले. आमच्याकडचे लाइन ब्लॉक, म्हणजे चित्र छापायचे धातूचे ठसे, असेच व्हायचे! जस्ताचा पत्रा, नायट्रिक ॲसिड, तेच तत्त्व. फरक एवढाच की आमच्याकडे चित्र कॅमेऱ्याने पत्र्यावर यायचं आणि ब्लेकचा हात थेट तांब्यावर चालायचा. पत्रिकेवरच्या गणपतीचा ब्लॉक बाबा मला हातात द्यायचे. ब्लॉकवर सोंड एका बाजूला, पत्रिकेवर दुसऱ्या बाजूला. मला अख्खी ‘शुभविवाह’ची ओळ उलटी वाचता यायची. लिहिता मात्र कधी आली नाही. ब्लेक पानंच्या पानं उलटी लिहीत होता. 1787 मध्ये त्याचा लाडका धाकटा भाऊ रॉबर्ट वारला, आणि ही युक्ती मेलेल्या रॉबर्टनेच दृष्टान्तात येऊन सांगितली, असं तो म्हणायचा. लोक त्याला वेडा म्हणत. मला त्यात वेडेपणा वाटत नाही. आपलं माणूस गेल्यावर हाताला एखादी गोष्ट नव्याने जमते, तेव्हा ती कुणी दिली हे आपल्याला माहीत असतं.

या पुस्तकातल्या टिपांमधली एक गोष्ट तर मी दहा जणांना सांगितली असेल. ‘इनोसन्स’ 1789 चं, ‘एक्सपीरियन्स’ 1794 चं. तांबं महाग, म्हणून नंतरच्या बऱ्याच कविता त्याने आधीच्याच पट्ट्यांच्या पाठीवर कोरल्या. एकीकडे निरागसपणाचं गाणं, पट्टी उलटली की अनुभवाचं. दोन्हींच्या एकत्रित शीर्षकपानावर तो लिहितो की, माणसाच्या आत्म्याच्या या दोन विरुद्ध अवस्था आहेत. पहिल्या भागातला धुराडी साफ करणारा पोरगा स्वप्नात देवदूत बघतो आणि सकाळी ऊब घेऊन कामाला जातो. दुसऱ्या भागातला बर्फात काळाठिक्कर उभा आहे, आणि त्याचे आईबाप चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेत. पहिली कविता मला आधी भाबडी वाटली होती. दुसरी वाचून परत पहिलीकडे गेले तेव्हा त्या पोराची ऊब बघून पोटात कालवलं. ब्लेक कुठलीच पट्टी मोडीत काढत नाही. म्हणूनच जो कोकरू घडवतो त्यानेच तुला घडवलं का, हा वाघाला विचारलेला प्रश्न तो प्रश्नच ठेवतो.

किमतीचं सांगते. ‘एक्सपीरियन्स’वर साल 1794 असलं तरी 1793 च्या त्याच्या जाहिरातीतच प्रत्येक भाग 5 शिलिंगांना होता. 1827 मध्ये, मरणाच्या वर्षी, दोन्ही मिळून तो 10 गिनी सांगत होता, म्हणजे 210 शिलिंग. तरी हयातीत खपल्या फार थोड्या प्रती. प्रत्येक प्रत हाताने रंगवलेली, एकीचे रंग दुसरीशी जुळत नाहीत. या कामात बायको कॅथरिन बरोबरीने होती. 1782 मध्ये लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली काढली होती. मग त्याने तिला लिहा-वाचायला आणि छापायला शिकवलं. तीही चित्रं रंगवायची, पुस्तकं शिवायची. कागदी वेष्टण, कडेला भोकं, त्यातून दोरा. अशा घरातून निघालेल्या पुस्तकाच्या आवृत्तीला एक टाका नसावा, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी आईकडे नेलं. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, बिलबुकं शिवणं सुटूनही वीस वर्षं झाली. पुस्तक हातात घेऊन म्हणाली, “गमवर काय टिकतंय गं?” जुना गम तिने सुरीने खरवडला, पानं ठोकून सारखी केली, दाभणाने पाच भोकं पाडली, दोऱ्याला मेण लावून आत-बाहेर ओवलं आणि पाठीला मैद्याची खळ लावून कापडाची पट्टी चिकटवली. दोन दिवस वरवंट्याखाली ठेवलं. पानं उलटताना ‘द टायगर’शी थांबली आणि म्हणाली, “हा तर मांजरासारखा गरीब दिसतोय.” खरंच तसाच आहे. कविता धगधगती आणि खाली वाघ मऊ.

घेणार असाल तर शिवलेली आवृत्तीच घ्या. पाठीच्या वरच्या टोकाला दुमडलेल्या फर्म्यांच्या कडा दिसायला हव्यात, आणि फर्म्याच्या मधल्या पानात दोरा. छपाईला पाचपैकी पाच, बांधणीला शून्य. कडेने शिवल्यामुळे माझी प्रत आता सपाट उघडत नाही, समासातला बोटभर कागद टाक्यात गेलाय. वाचताना डावा अंगठा पानावर दाबून धरावा लागतो.