बुंदीच्या डोळ्यांचा ‘कायमचा इलाज’: नागपुरातल्या मांजरवाल्यांनी जरूर वाचावं

ज्यांच्या घरी मांजर आहे आणि तिच्या डोळ्यांतून दर महिन्या-दोन महिन्यांनी पाणी येतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्या बुंदीच्या उजव्या डोळ्यावर आज एक पांढुरका डाग आहे. तो आता जाणार नाही. तो ज्या बाटलीमुळे पडला, ती मी स्वतः पैसे मोजून घरात आणली. एवढ्यावर थांबलं असतं तरी गप्प बसले असते. पण मी त्या औषधाचं आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कौतुक केलं आणि माझ्या शब्दावर आणखी दोघींनी ते घेतलं. म्हणून सगळं सांगणं भाग आहे.

बुंदी आमच्याकडे आली मागच्या ऑक्टोबरात. नंदनवनातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडली, तळहातावर मावेल एवढी. दोन्ही डोळे चिपडांनी बंद झालेले, नाक चोंदलेलं, सारख्या शिंका. जवळच्या पशुवैद्यांनी डोळे उघडून दिले, औषध दिलं आणि तेव्हाच सांगितलं, “ताई, हा हर्पिसचा त्रास दिसतो. बरी होईल, पण पुन्हा पुन्हा उलटेल. तयारी ठेवा.”

त्यांनी समजावलेलं आज शब्दन् शब्द आठवतं, तेव्हा अर्ध्या कानाने ऐकलं होतं. लहानपणी कांजण्या येऊन जातात, पण विषाणू नसेत लपून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन बाहेर येतो, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मांजरांचा हर्पिस त्याच कुळातला. लहानपणी एकदा झाला की तो चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत झोपून राहतो. मांजरीला ताण आला की जागा होतो आणि डोळे, नाक वाहायला लागतं. लस घेतली तर त्रास सौम्य होतो, पण आत बसलेला विषाणू निघून जात नाही. माणसांना किंवा कुत्र्यांना तो लागत नाही, दुसऱ्या मांजरीला मात्र लागतो.

आणि तसंच झालं. दिवाळीचे फटाके झाले, आठवडाभरात डोळे वाहायला लागले. डिसेंबरात नणंदेकडची मंडळी आठ दिवस राहून गेली, पुन्हा तेच. फेब्रुवारीत घराला रंग दिला, पुन्हा. प्रत्येक वेळी दवाखाना, थेंब, तिला टॉवेलमध्ये गुंडाळून धरणं, हातावर ओरखडे. सासूबाई म्हणायच्या, “एवढे पैसे घालूनही पोरीचे डोळे गळतातच कसे?” मलाही वाटायला लागलं की डॉक्टर मुद्दाम लांबवतायत. फसणाऱ्याची जमीन अशी आधीच नांगरली जाते.

एप्रिलच्या सुरुवातीला ग्रुपवर एकीने नंबर टाकला. “मांजर स्पेशालिस्ट, घरी येतात, डोळ्यांचा कायमचा इलाज.” फोन केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच हजर. स्वच्छ शर्ट, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात बॅग, बोलायला अतिशय गोड. बुंदीला त्याने मांडीवर घेतलं तर ती चक्क गप्प बसली. मला तेवढंच पुरे झालं. मोबाइलच्या टॉर्चने अर्धा मिनिट डोळे पाहिले आणि म्हणाला, “ताई, हे अ‍ॅलोपॅथीवाले तुम्हाला फिरवून राहिले. व्हायरस-बियरस काही नाही. अंगातली गर्मी आहे. तीन बाटल्यांचा कोर्स करा, जन्मात डोळा गळणार नाही.”

तीन बाटल्यांचे २४००, प्रतिकारशक्तीच्या पावडरचे १५००, घरी आल्याचे ५००. एकूण ४४०० रुपये मी तिथल्या तिथे मोबाइलवरून पाठवले. पैसे जाताना स्क्रीनवर जे नाव आलं ते त्याने सांगितलेलं नाव नव्हतं. विचारलं तर म्हणाला, “मोठ्या भावाचं खातं आहे.” मी मान डोलावली. बिल मागितलं नाही, शिक्षण विचारलं नाही. स्टेथोस्कोप दिसला की आपण काही विचारत नाही.

बाटली पांढरी, अंगठ्याएवढी. हिरवं लेबल, त्यावर तुळशीचं पान आणि ‘शुद्ध आयुर्वेदिक नेत्रबिंदू’ एवढंच. बनवणाऱ्याचं नाव नाही, बॅच नंबर नाही, संपण्याची तारीख नाही.

आता ज्या गोष्टीने मी खरी फसले ती सांगते. औषधाने गुण आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोळ्यांतली लाली गेली होती. तिसऱ्या दिवशी पाणी थांबलं. सहा महिन्यांत जे कुणाला जमलं नव्हतं ते दोन दिवसांत झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आनंदाच्या भरात बुंदीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “अनुभव घेतलाय, डोळे मिटून विश्वास ठेवा.”

पहिली बाटली संपली आणि चौथ्या दिवशी डोळे पुन्हा लाल. त्याला फोन केला. “डोस डबल करा.” केला. पुन्हा दोन दिवस बरं. मग उजवा डोळा अर्धा मिटलेला दिसायला लागला. बुंदी उजेडात यायचीच नाही, पलंगाखाली कोपऱ्यात तोंड करून बसायची. कूलर लावला की हवेशीर जाळीपुढे पसरणारी मांजर ती, पण ४४ डिग्रीच्या दुपारीही बाहेर येईना. बुबुळावर निळसर धुकं आल्यासारखं दिसलं. मी घाबरून फोन केला तर म्हणाला, “हाव ताई, औषध गर्मी बाहेर काढून राहिलं. आत्ता बंद केलं तर डोळा जाईल. चालू ठेवा.” या एका वाक्यावर मी आणखी चार दिवस थेंब टाकत राहिले. ते चार दिवस मला परत हवेत.

पाचव्या दिवशी सकाळी फ्रिजच्या दारातून बाटली काढली. बाहेरच्या उकाड्याने तिला क्षणात घाम फुटला आणि ओल्या बोटाखाली हिरवं लेबल सरकलं. मला वाटलं अर्धवट चिकटवलं असेल. नखाने उचललं तर खाली दुसरं छापील लेबल. डावीकडे उभी लाल पट्टी, बारीक अक्षरं. चष्मा लावून वाचलं. ‘डेक्सामेथासोन’ हा शब्द होता, आणि संपण्याची तारीख उलटून तीन महिने झाले होते. माणसांच्या डोळ्यांचं स्टेरॉइडचं औषध, त्यावर तुळशीचं पान चिकटवलेलं. मेडिकलच्या दुकानात हे फार थोड्या पैशात मिळतं, तेही डॉक्टरची चिठ्ठी असेल तर.

बुंदीला पिशवीत घालून सरळ पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. हे महाविद्यालय नागपुरात १९५८ पासून आहे, आणि मी मांजरीला घेऊन घरी येणाऱ्या परक्या माणसाची वाट पाहत बसले होते. तिथल्या डॉक्टरांनी आधी बाटली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. फ्लोरेसिन नावाच्या रंगाची एक पातळ कागदी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली, खोलीतला दिवा मालवला आणि निळा उजेड टाकला. “या, पाहा,” म्हणाले. बुंदीच्या बुबुळावर हिरवीगार फांदी चमकत होती, तिला बारीक डहाळ्या फुटलेल्या. बुबुळाचा वरचा पापुद्रा जिथे जिथे खरवडला गेला तिथे तो रंग बसतो. फांदीसारखी जखम ही हर्पिसची खूण, आणि डहाळ्यांच्या मधोमध मोठा गोल हिरवा डाग होता. तो स्टेरॉइडने खोल केलेला व्रण.

त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक मांजरवाल्याला माहीत असायला हवं. स्टेरॉइड सूज आणि लाली झटकन उतरवतं, म्हणून डोळा बरा झाल्यासारखा दिसतो. पण त्याच वेळी ते डोळ्याची लढण्याची ताकद काढून घेतं, जखम भरू देत नाही आणि विषाणूला रान मोकळं करून देतं. संशोधनासाठी झोपलेला हर्पिस मुद्दाम जागा करायचा असतो तेव्हा मांजरांना स्टेरॉइडच देतात. व्रण खोल गेला तर बुबुळाला भोक पडू शकतं. काही मांजरींच्या बुबुळावर काळी खपली धरते, ती बहुतेकदा शस्त्रक्रियेने काढावी लागते. आमच्यावर ती वेळ आली नाही, एवढंच नशीब.

मग फॅमसायक्लोव्हिर या विषाणूवरच्या औषधाच्या गोळ्या, जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून प्रतिजैविकाचे थेंब, डोळा ओला ठेवणारे वेगळे थेंब, गळ्यात प्लास्टिकची कॉलर. पाच आठवडे मी अलार्म लावून उठत होते. व्रण भरला, डाग राहिला. त्या बाजूने हात नेला तर ती अजून दचकते.

पावडरही दाखवली. ती लायसीन नावाचं अमिनो आम्ल निघाली. एके काळी हे मांजरांच्या हर्पिसवर सर्रास द्यायचे, पण २०१५ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा त्याचा उपयोग होतो असा पुरावा मिळाला नाही. १५०० रुपये पाण्यात.

आणखी एक गोष्ट, कारण ग्रुपवर कुणीतरी सुचवली होती. ‘नागिणीसारखाच आजार असेल तर माणसाची नागिणीची गोळी द्या.’ कृपा करून देऊ नका. नागिणीवर माणसांना देतात ती व्हॅलासायक्लोव्हिर मांजरीचा जीव घेते. नाव सारखं वाटलं म्हणून फॅमसायक्लोव्हिरही आपल्या मनाने देऊ नका, वजन पाहून डॉक्टरच ठरवतात. शिवाय डोळे गळण्याचं कारण दर वेळी हर्पिसच असतं असंही नाही. क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूचा संसर्ग असेल तर उपचार पूर्ण वेगळा, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आणि तेही चार-चार आठवडे. ती गोळी कोरडी अन्ननलिकेत अडकली तर आत भाजतं, म्हणून मागून पाणी पाजायचं. पर्शियन मांजरींचं तर नाकच इतकं चपटं असतं की अश्रूंची वाट वाकडी होते आणि पाणी गालावर येत राहतं. टॉर्चच्या अर्ध्या मिनिटात यातलं काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

घरी मी आता एवढंच करते. पाणी उकळून गार करायचं, कापसाचा बोळा भिजवून आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसायचं, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. गुलाबपाणी, मध, चहाचं पाणी, काही नाही. फरशीला फिनेल बंद केलं, उदबत्ती तिच्या खोलीत लावत नाही. पाहुणे येणार असले की तिची खोली आधीच वेगळी करते. साधं पारदर्शक पाणी आलं आणि ती खात-पीत असली तर एक दिवस पाहते. डोळा मिटून धरला, पिवळा-हिरवा पू आला, बुबुळ धुरकट दिसलं किंवा खाणं सुटलं तर त्याच दिवशी दवाखाना.

त्या माणसाचं पुढे काय? बाटलीचा फोटो पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या आणि मी ब्लॉक झाले. पंधरा दिवसांनी त्याचाच फोटो वेगळ्या नावाने दुसऱ्या ग्रुपवर दिसला, तेव्हा धंदा चालूच आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही जनावरांवर असे उपचार करता येत नाहीत. घरी येणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. खरा डॉक्टर तो सांगताना रागावत नाही. मी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे, सोबत पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि दोन्ही लेबलांचे फोटो. बाटली धुतली नाही, फेकली नाही, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवली आहे.

ज्या दोघींनी माझ्यामुळे औषध घेतलं त्यांना त्याच दिवशी फोन केले. एकीने बाटली उघडलीच नव्हती. दुसरीच्या मांजराला सहा दिवस थेंब गेले होते. तिला तातडीने तपासायला नेलं, व्रण नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बसून मी तिची माफी मागितली.

तुमच्याकडे तुळशीच्या पानाची अशी हिरव्या लेबलची बाटली आली असेल तर आजच थेंब थांबवा आणि मांजराला दाखवून आणा. बाटली घेऊन जा. निघण्याआधी ओल्या फडक्याने लेबलाचा एक कोपरा भिजवून नखाने उचलून पाहा.